सूर्यावरची वादळे, मुंबईतली धूळ आणि विदर्भाचा उन्हाळा

नागपूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलेला प्रश्न असा आहे: १० मे २०२४ रोजी पृथ्वीवर मोठे सौर वादळ आले आणि त्या रात्री लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, तीनच दिवसांनी, १३ मे रोजी, मुंबईत धुळीचे वादळ झाले, घाटकोपरला जाहिरातीचा अजस्र फलक कोसळला आणि माणसे दगावली. या दोन वादळांचा काही संबंध आहे का? विदर्भातला उन्हाळा दरवर्षी अधिक कडक होत चालला आहे, त्याचे मूळ सूर्याच्या या उद्रेकांत आहे का? आणि ‘आज रात्री मोबाईल बंद ठेवा’ असे जे संदेश पालकांच्या गटांवर फिरतात, त्यांबद्दल मुलांना काय सांगावे?

आधी थोडक्यात सांगतो. दोन वादळांचा काहीही संबंध नाही. वाढत्या उन्हाळ्याचे कारण सौर वादळे नाहीत. मोबाईल बंद ठेवण्याची गरज नाही. मात्र सौर वादळ ही किरकोळ गोष्ट आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये, कारण त्याचा घाव हवेवर पडत नसला तरी वीजवाहिन्यांवर, उपग्रहांवर आणि दिशादर्शक यंत्रणांवर नक्की पडतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेणे आणि वाचणे यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली, म्हणून हे उत्तर मी त्या नोंदींच्या आधाराने देतो.

घोटाळ्याची सुरुवात ‘वादळ’ या शब्दापासून होते. आपल्या मनात वादळ म्हटले की वारा, पाऊस, उडालेले पत्रे आणि पडलेली झाडे येतात. सौर वादळात यातले काहीच नसते. ज्या दिवशी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अक्षरशः हेलकावे खात असते, त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या माणसाला झुळूकही जाणवत नाही, ऊन रोजच्यासारखेच असते आणि तुळशीचे पानही हलत नाही. हलते ती फक्त रेशमाच्या धाग्यावर टांगलेली चुंबकसूची, आणि तीही इतकी थोडी की ते पाहायला आरसा आणि प्रकाशाचा झोत लागतो.

सूर्यावर जे घडते त्यातून पृथ्वीकडे तीन गोष्टी येतात, आणि त्या वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. सूर्यडागांच्या भोवती पिळवटलेली चुंबकीय क्षेत्रे अचानक तुटून नव्याने जुळतात, तेव्हा क्ष-किरणांचा आणि अतिनील किरणांचा जो लोळ उठतो त्याला सौर ज्वाला म्हणतात. तो प्रकाशच असल्यामुळे साधारण आठ मिनिटांत इथे येतो आणि पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूवरील आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, एकाएकी दाट करतो, त्यामुळे लघुलहरींवरचे रेडिओ संदेश काही काळ गिळले जातात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रचंड वेगाचे प्रोटॉन, जे काही मिनिटांपासून काही तासांत येतात. तिसरी, आणि माझ्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, म्हणजे सूर्याच्या प्रभामंडलातून सुटलेला विद्युतभारित वायूचा अवाढव्य ढग. याला आम्ही सीएमई म्हणतो. यात अब्जावधी टन द्रव्य असते, ते आपले चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन निघते, आणि पृथ्वीपर्यंत यायला त्याला सहसा एक ते तीन दिवस लागतात.

हा ढग आला म्हणजे वादळ झालेच असे नाही. त्याच्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचे चुंबकावरण, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राचे कवच, त्याला बऱ्याच अंशी बाजूने जाऊ देते. दिशा दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांत उघडतात आणि ऊर्जा आत ओतली जाते. ही दिशा ढग पृथ्वीपासून अगदी जवळ येईपर्यंत खात्रीने कळत नाही, आणि आमच्या भाकितांतली सगळ्यांत मोठी अडचण हीच आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या एल-१ बिंदूपाशी जी अंतराळयाने उभी आहेत, त्यांना ती प्रथम मोजता येते. सेकंदाला ८०० किलोमीटर वेगाने येणारा ढग तिथून इथवर सुमारे अर्ध्या तासात पोहोचतो, म्हणजे पक्की सूचना मिळते ती तेवढ्याच अवधीची. भारताचे आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघून ६ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या कक्षेत स्थिर झाले. त्याच्यावरची अतिनील प्रकाशात सूर्याचे चित्र घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

२ सप्टेंबर या तारखेशी मुंबईचाही एक जुना संबंध आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांच्या एका समूहावर लखलखीत पांढरा प्रकाश उजळून काही मिनिटांत विझताना दिसला. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तो स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ सुरू झाले, ते आजही नोंदींतल्या सर्वांत तीव्र वादळांत गणले जाते. अमेरिकेत तारयंत्रांच्या तारांमध्ये इतका प्रवाह आपोआप वाहू लागला की काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवून त्या प्रवाहावरच संदेश पाठवले गेले. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय क्षेत्राची मापे डोळ्यांनी वाचून वहीत लिहिण्याचा शिरस्ता होता. २ सप्टेंबरला सकाळच्या प्रहरी तिथल्या कर्मचाऱ्यांनी क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक). आपल्या भागात हा घटक साधारण ३८,००० नॅनोटेस्लांचा असतो, म्हणजे चार टक्क्यांहून थोडी अधिक घट झाली. मोठे म्हणून गाजलेले २०२४ चे वादळसुद्धा जागतिक निर्देशांकानुसार चारशे नॅनोटेस्लांच्या घसरणीच्या आसपास थांबले होते.

उच्च अक्षांशांवरच्या अनेक वेधशाळांमध्ये त्या वेळी यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या, त्यामुळे विषुववृत्ताच्या बाजूचे हे मुंबईचे माप अनमोल ठरले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ससिंग लखिना आणि सोबना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह या वह्यांवरून त्या वादळाचे विश्लेषण करून ते २००३ मध्ये प्रसिद्ध केले. घसरणीचा किती भाग पृथ्वीभोवतीच्या वलयाकार प्रवाहाचा आणि किती भाग आयनांबरातल्या प्रवाहांचा, यावर तज्ज्ञांत अजून चर्चा चालते. पण ज्या आकड्यावर ही चर्चा उभी आहे तो त्या दिवशी मुंबईतल्या एका खोलीत, उकाड्यात, कोणीतरी थोड्या थोड्या वेळाने डोळा लावून वाचला होता. माझ्या व्यवसायात मला सर्वांत जास्त आदर त्या नाव न राहिलेल्या माणसांबद्दल वाटतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मापे घेतली. अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडाची, चुंबकीय पदार्थ टाळून बांधलेली आहे. जुळवून घेण्याच्या या दूरदृष्टीमुळे आपल्याकडे जवळपास पावणेदोनशे वर्षांची सलग मालिका आहे, आणि अशा मालिका जगात फार थोड्या आहेत.

मी या कामात आलो तेव्हा नोंदी फोटोच्या कागदावर होत असत. अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या चुंबकावर छोटा आरसा, त्यावर दिव्याचा बारीक झोत, आणि परावर्तित ठिपका घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या ड्रमवरच्या ब्रोमाइड कागदावर पडे. चोवीस तासांनी कागद उतरवायचा, लाल दिव्यात डेव्हलपरमध्ये बुडवायचा, मग हायपो, मग पाणी. शांत दिवसाची रेषा दुपारच्या सुमारास एक मवाळ उंचवटा काढून परत खाली येते. अनुभवी माणूस ती रेषा पाहून दिवस कसा गेला ते लगेच सांगतो. १४ मार्च १९८९ रोजी सकाळी मी आदल्या दिवशी लावलेला कागद डेव्हलपरमध्ये टाकला, तेव्हा प्रथम दुपारी सव्वाच्या सुमाराची एक तीक्ष्ण उडी वर आली, सुरीने खाच मारावी तशी. तिच्या पुढे रेषेचा आकारच राहिला नव्हता, नुसती थरथर होती, आणि पहाटेच्या बाजूला ती कागदाच्या कडेपलीकडे निघून गेली होती. माझ्या वरिष्ठांनी तो ओला कागद हातात धरून काही वेळ नुसता पाहिला आणि मला सांगितले की, तारीख आणि वेळ जपून लिही, हा पुन्हा लागणार आहे.

बातमी नंतर आली. आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजला असताना कॅनडाच्या क्युबेक प्रांतात रात्रीचे पावणेतीन वाजत होते, आणि आमच्या कागदावर ज्या क्षणी ती खाच उमटली त्याच सुमारास तिथली संपूर्ण वीजव्यवस्था सुमारे दीड मिनिटात कोसळली. साठ लाख माणसे सुमारे नऊ तास विजेविना राहिली. यामागचे कारण मुलांना सहज समजावता येते: बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात प्रवाह निर्माण करते, हा फॅरडेचा नियम आपण नववी-दहावीत शिकतो, इथे वाहक आहे शेकडो किलोमीटर लांबीची वीजवाहिनी. क्युबेक चुंबकीय ध्रुवाच्या जवळ, जमिनीखाली विजेला विरोध करणारा प्राचीन कठीण खडक, आणि उत्तरेच्या धरणांपासून शहरांपर्यंत फार लांब वाहिन्या. जमिनीतून वाट न मिळालेला प्रवाह तारांच्या मार्गाने ट्रान्सफॉर्मरच्या भू-जोडणीतून, म्हणजे अर्थिंगमधून, आत शिरला. ट्रान्सफॉर्मर बदलत्या प्रवाहासाठी घडवलेला असतो. त्यात हा जवळपास एकदिश प्रवाह शिरला की गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो, तो तापतो, गुरगुरतो आणि वाहिनीवरचा दाब ढासळू लागतो. संरक्षक यंत्रणा एकामागून एक सुटत गेल्या आणि जाळे कोसळले.

भारत चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे असे प्रवाह आपल्याकडे पुष्कळ कमी असतात, पण शून्य नसतात. चुंबकीय विषुववृत्त केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण टोकावरून जाते, तिथे दिवसा आयनांबरात एक अरुंद पण जोरदार प्रवाह वाहत असतो आणि वादळात तोही उचंबळतो. थुंबा इथे १९६३ मध्ये अग्निबाण सोडण्याचे केंद्र उभारले गेले ते याच विषुववृत्तामुळे. आपल्या देशात ७६५ किलोव्होल्टच्या लांबच लांब वाहिन्या गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत, त्यामुळे मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या भू-जोडणीतला प्रवाह सतत मोजत राहावे, असे माझे ठाम मत आहे. हे फार खर्चाचे काम नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला सौर वादळ सगळ्यांत आधी कुठे भेटत असेल तर ते उपग्रहांच्या आधारे स्थान काढणाऱ्या यंत्रांत. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून येताना थोडा रेंगाळतो, आणि हा विलंब किती याचा अंदाज घेऊनच यंत्र स्थान सांगते. वादळात आयनांबर विस्कटते, अंदाज चुकतो. त्यातही विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबराची जी दाट शिखरे असतात, त्यांतले उत्तरेकडचे आपल्या मध्य भारतावरून जाते. त्यामुळे सूर्यास्तानंतर संदेश लुकलुकण्याचा त्रास आपल्याला इतरांपेक्षा जास्त होतो. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहांच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर शेतकऱ्यांना थांबवावे लागले. आपल्याकडे गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे, द्राक्षबागांवर ड्रोनने फवारणी होऊ लागली आहे. माझ्या परिचयाच्या एका मोजणीदाराने एका वादळी संध्याकाळी घेतलेले नियंत्रण बिंदू दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तेव्हा ते जुळेनात, आणि यंत्र नादुरुस्त आहे असे समजून तो ते दुरुस्तीला पाठवायला निघाला होता. यंत्र ठणठणीत होते. मोठ्या वादळाची सूचना असताना सेंटिमीटरच्या अचूकतेचे काम एक-दोन दिवस पुढे ढकलावे, आणि शक्यतो दोन वारंवारतांवर चालणारे यंत्र वापरावे, कारण दोन वारंवारतांतला फरक पाहून ते आयनांबराचा विलंब स्वतः काढू शकते.

उपग्रहांचे नुकसान आणखी एका प्रकारे होते. वादळात वरचे विरळ वातावरण तापून फुगते आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना हवेचा अडथळा वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ४९ उपग्रह एकाच वेळी सोडले गेले आणि त्यांतले ३८ कक्षेत टिकले नाहीत. ते वादळ तर साधेच होते, पण उपग्रह सुरुवातीला सुमारे २१० किलोमीटरवर ठेवले होते आणि तिथली हवा नेहमीपेक्षा बरीच दाट झाली.

आता मूळ प्रश्नाकडे, हवामानाकडे, वळतो. सौर वादळाने हवामान का बदलत नाही, याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे. सूर्यप्रकाशातून पृथ्वीला दर क्षणी सुमारे १,७४,००० टेरावॅट मिळतात. एखाद्या मोठ्या भूचुंबकीय वादळात चुंबकावरणातून वरच्या वातावरणात जी ऊर्जा उतरते ती काही टेरावॅट असते, आणि तीही प्रामुख्याने ध्रुवांभोवती, शंभर किलोमीटर व त्याहून वर, जिथे हवा जवळपास नाहीच. २८ ऑक्टोबर २००३ च्या प्रचंड सौर ज्वालेच्या वेळी सूर्याच्या एकूण प्रकाशात झालेली वाढ उपग्रहाने मोजली होती, ती ०.०३ टक्क्यांच्या आसपास होती आणि थोडा वेळ टिकली. याच्या तुलनेत पाहा: पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटर जवळ, आणि त्या दिवसांत तिला मिळणारा प्रकाश जुलैपेक्षा सुमारे सात टक्के अधिक असतो. तरीही जानेवारीत नागपुरात हुडहुडी भरते, कारण तिथे सूर्यकिरण किती तिरपे पडतात आणि दिवस किती मोठा असतो यावर ऋतू ठरतो. सात टक्क्यांनी जिथे हिवाळ्याचा उन्हाळा होत नाही, तिथे काही मिनिटांच्या ०.०३ टक्क्यांनी मे महिना कसा तापेल?

मुंबईतल्या १३ मे च्या धुळीच्या वादळाची घडण तर पूर्णपणे इथली आहे. मे महिन्यात जमीन तापते, समुद्रावरून दमट हवा येते, दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. अशा ढगातून पाऊस पडताना थेंबांचे बाष्पीभवन होऊन हवा गार आणि जड होते, ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. कोरड्या जमिनीवर ती धूळ उडवत निघते. वळवाच्या पावसाआधी येणारा तो गार, मातीच्या वासाचा झोत आपल्यापैकी प्रत्येकाने अंगावर घेतलेला आहे. त्याचेच ते उग्र रूप होते. दर मे महिन्यात वळीव येतोच, आणि सूर्य जेव्हा आपल्या अकरा वर्षांच्या चक्राच्या शिखराजवळ असतो तेव्हा सौर वादळेही वरचेवर येतात. दोन्ही वारंवार घडत असल्यामुळे त्यांच्या तारखा जवळ येणे अटळच आहे. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला लाल प्रकाश मात्र त्या सौर वादळाचाच होता: दोनशे किलोमीटरहून अधिक उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू तो लाल रंग देतात, आणि इतक्या उंचीवर असल्यामुळेच तो दूर उत्तरेला घडूनही आपल्या क्षितिजावर डोकावू शकतो.

तारखा जुळवून कारण ठरवण्याचा मोह नवा नाही, आणि त्याची एक कथा आपल्या मातीशी निगडित आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर, नगर, पुण्यापासून मद्रासपर्यंत पसरला आणि लाखो माणसे भुकेने मेली. १८७७ मध्ये नॉर्मन लॉकयर हे खगोलशास्त्रज्ञ आणि विल्यम हंटर हे ब्रिटिश अधिकारी यांनी सूर्यडाग कमी असतात तेव्हा दक्षिण भारतात पाऊस कमी पडतो आणि दुष्काळ येतो, असा सिद्धांत मांडला. दुष्काळाचा दोष आकाशावर टाकणे त्या सरकारलाही सोयीचे होते, कारण त्याच काळात इथले धान्य परदेशी जात होते. पुढे गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले, त्यांनी मोसमी पावसाचे भाकीत करण्यासाठी जगभरच्या आकड्यांचे संबंध चिकाटीने तपासले, त्यांत सूर्यडागही होते, आणि पावसाशी त्यांचा संबंध अगदी दुबळा निघाला. मात्र त्याच शोधात त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका सापडला, ज्याचा दुसरा पदर आज आपण एल निनो म्हणून ओळखतो. १८७७ मध्ये प्रशांत महासागरात फार तीव्र एल निनो होता. उत्तर सूर्यावर शोधले जात होते आणि ते समुद्रात होते.

सूर्याचा हवामानावर परिणाम होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. फक्त तो परिणाम वादळांतून होत नाही, तो प्रकाशाच्या संथ चढउतारातून होतो. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचा एकूण प्रकाश सुमारे ०.१ टक्का बदलतो, म्हणजे चौरस मीटरमागे १,३६१ वॅटमध्ये सुमारे एक वॅट, आणि पृथ्वीच्या सरासरी तापमानात त्यामुळे ०.१ अंशाच्या आसपास फरक पडतो. अतिनील किरणांतला बदल याहून जास्त असतो, तो स्थितांबरातल्या, म्हणजे ढगांच्या वरच्या थरातल्या, ओझोनला तापवतो. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळपास नव्हते आणि युरोपातले हिवाळे कडक होते, हे उदाहरण नेहमी दिले जाते. परंतु तो थंड काळ त्याच्या आधीच सुरू झाला होता, आणि ज्वालामुखींच्या उद्रेकांचा त्यातला वाटा मोठा आहे.

वादळांचा एक परिणाम वातावरणाच्या रसायनात खरोखर मोजता येतो. वेगवान प्रोटॉन ध्रुवांवरून खाली येतात, नायट्रोजनची ऑक्साइडे तयार करतात, आणि ती वरच्या थरांतला ओझोन काही काळ खातात. २००३ च्या वादळांनंतर हे उपग्रहांनी पाहिले. हा बदल ध्रुवीय प्रदेशांपुरता असतो आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून निघतो. वैश्विक किरणांमुळे, म्हणजे दूरच्या अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांमुळे, ढग बनतात आणि सूर्य ते किरण अडवून हवामान बदलतो, असाही एक विचार मांडला गेला. तो तपासण्यासारखा होता आणि तपासला गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उटीचा प्रयोग सीएमई आल्यावर वैश्विक किरण कसे घटतात ते मिनिटामिनिटाला टिपतो. ढग त्यांना इतके संवेदनशील असते तर अशा प्रत्येक घटीनंतर ते ठळकपणे कमी व्हायला हवे होते, आणि तसे खात्रीने दिसत नाही. शिवाय वैश्विक किरणांची मापे १९५० च्या दशकापासून सलग आहेत, आणि तापमानवाढीशी जुळेल असा कल त्यांत नाही.

विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी निर्णायक पुरावा तीन नोंदींचा आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्यप्रकाश मोजत आहेत आणि त्यात वाढीचा कल नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सूर्य चक्राच्या तळाशी, अगदी शांत होता, आणि लगेचचे २०२० हे वर्ष तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांच्या बरोबरीने गेले. तिसरी नोंद मला सर्वांत बोलकी वाटते: सूर्य जास्त तापत असता तर वातावरणाचे सगळेच थर तापले असते, पण जमिनीलगतची हवा तापत असताना स्थितांबर थंड होत आहे. घरात गोधडी पांघरल्यावर आत ऊब वाढते आणि गोधडीच्या बाहेर उष्णता कमी पोहोचते, तशी ही खूण आहे, आणि ती गोधडी म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड, जो औद्योगिक काळापूर्वीच्या दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या वर गेला आहे. याच वायूमुळे उपग्रहांच्या उंचीवरचे अतिविरळ वातावरणही थंड होऊन आक्रसते आहे, त्यामुळे तिथला अडथळा घटतो आणि अंतराळातला कचरा अधिक काळ फिरत राहतो. म्हणजे सूर्यावरच्या वादळाने आपले हवामान बदलले नाही, पण आपण बदललेल्या हवामानाचा हात उपग्रहांच्या कक्षांपर्यंत पोहोचला.

मोबाईलच्या संदेशांबद्दल एवढेच. आपल्या डोक्यावर दर चौरस मीटरमागे सुमारे दहा टन हवा आहे, आणि सौर वादळाचे कण तिच्यातून जमिनीपर्यंत येताना जवळजवळ सगळे अडतात. हातातला फोन इतका छोटा आहे की त्यात लांब वाहिनीसारखा प्रवाह निर्माण होत नाही, आणि तो बंद ठेवल्याने कोणाचेही संरक्षण होत नाही. काळजी घ्यावी लागते ती अंतराळवीरांना आणि ध्रुवांवरून जाणाऱ्या विमानांना, आणि ती घेतली जाते.

मुलांना हे शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवता येईल, म्हणून बाईंना एक सुचवतो. काचेच्या मोठ्या बरणीत साध्या सुती नव्हे, तर न पिळलेल्या रेशमी धाग्यावर छोटा पट्टीचुंबक आडवा टांगा, त्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवा, बरणीचे तोंड बंद करा म्हणजे वारा लागणार नाही. लेझर पॉइंटर पक्का बसवून त्याचा झोत आरशावर टाका आणि पाच मीटर दूरच्या भिंतीवर आलेख कागद लावून ठिपका कुठे पडतो ते दर अर्ध्या तासाला पेन्सिलने टिपा. शांत दिवशीही ठिपका काही मिलिमीटर सरकून परत येईल. तो वर आयनांबरात वाहणाऱ्या रोजच्या प्रवाहाचा हात असतो. खोलीत लोखंडी कपाट हलवू नका आणि खिडकीजवळ कोणाला दुचाकी लावू देऊ नका, कारण ट्रामच्या भीतीने कुलाब्याची वेधशाळा अलिबागला गेली ती याच कारणाने. महिनाभर शांत दिवसांच्या खुणा जमल्या की वर्गात एक रेषा तयार होईल, आणि मग एखाद्या दिवशी ठिपका त्या रेषेवर राहणार नाही. त्या दिवसाची तारीख आणि वेळ मुलांना जपून लिहायला सांगा.